सातापर्यंत नाद

“नाद!” सर्जेकाका ओरडले, आणि म्हाताऱ्या अमारोनं तो एक्सल दोऱ्यातून सोडवून लाल पेटीत टाकला.

पुढचा एक्सल मी दोऱ्याला बांधत होते, म्हणून पेटीकडे माझं लक्ष नव्हतं. गोधडी शिवतात तसला जाड दोरा. चाकाचा तो वीतभर पोलादी दांडा त्याला मधोमध बांधून लोंबता सोडायचा, पितळी हातोडीनं एकदाच हलकं ठोकायचं आणि मोजायचं. दांडा धड असला तर घंटेसारखा बोलतो, सात मोजेपर्यंत बोलत राहतो. आत कुठं केसाएवढी चीर असली तर दुसऱ्या आकड्यालाच खाली बसतो, भिजक्या मडक्यावर मारावं तसा. माझे वडील, आबा, पहिल्या आवाजाला नाद म्हणायचे आणि दुसऱ्याला बद्द. सर्जेराव चौगुले तीस वर्षं त्यांचे भागीदार, त्यामुळे त्यांच्याही तोंडी तेच शब्द.

“...पाच, सहा, सात,” मी म्हणाले.

“नाद!”

लाल पेटीत ठण्ण.

“एक, दोन...” मी थांबले. पुन्हा ठोकलं. “एक, दोन.”

“बद्द!” काका एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्या यंत्रावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. अमारोनं तोंड वाकडं केलं, त्या एक्सलवर खडूनं फुली मारली आणि तोही लाल पेटीत टाकला. या वेळी जरा आपटूनच.

याला आता नऊ वर्षं झाली. उत्तर पोर्तुगालमधलं ते एक लहान गाव. सायकलींचे आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने तिथं एकाला लागून एक, आमच्या उद्यमनगरासारखे. फक्त रस्ते झाडलेले. कोल्हापूरहून आम्ही तीन पत्ते घेऊन निघालो होतो. पहिला हॉलंडमधला. तो कारखाना म्हणजे दोन खोल्यांचं ऑफिस निघालं आणि तिथं खोक्यांवरची जुनी लेबलं खरवडून नवी चिकटवायचं काम चाललं होतं. दुसरा जर्मनीतला. माल चांगला असेलही, पण त्यांनी हातोडी पिशवीतून बाहेरच काढू दिली नाही. “आमचं प्रमाणपत्र वाचा,” म्हणाले. मी वाचलं. अकरा पानं होती आणि अकरा पानांत कुणीही काहीही ऐकलं असल्याची नोंद नव्हती.

हा तिसरा पत्ता. चौथा नव्हता.

आबांनी उतारवयात एक गाडी बनवली होती. तीन चाकं, मागं भाजीच्या चार पाट्या मावतील एवढा हौदा. आपण पायडल मारायचं, चढ आला की मोटर हात देते. मंडईतल्या बायकांनी डोक्यावर ओझं घेऊन उभं आयुष्य काढलं, आता बास, एवढाच त्यामागचा विचार. मोटरी आमच्याकडे बनत नव्हत्या, आणि एक्सल मोटरीच्या पोटातून जातो, म्हणून दोन्ही बाहेरून मागवावे लागत. ऑक्टोबरात आबा गेले. मागं उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये अठरा गाड्या चाकांवाचून विटांवर उभ्या राहिल्या. शेडवर एका टाइल्सवाल्याचा डोळा होता.

“तीन ठिकाणं बघायची,” सर्जेकाकांनी तेराव्यानंतर मला सांगितलं होतं. “तीन म्हणजे तीन. खात्रीचा एक्सल मिळाला तर शेड तुझं, गाड्या तुझ्या. न्हाई मिळाला तर पाडव्याला किल्ली टाइल्सवाल्याच्या हातात. मग रडायचं न्हाई.”

“मी कुठं रडले?”

“तेच म्हणतोय. जरा रडली असतीस तर बरं झालं असतं.” मग थोडं थांबून, “व्याकरण शिकवणारी बाई, आणि निघाली एक्सल आणायला!”

मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवत होते. बिनपगारी रजा टाकली, आबांची हातोडी कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवली. रुमालात बांधलेली आणखी एक वस्तू तिच्याशेजारी ठेवली. ती काकांना दाखवली नव्हती.

त्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना काका म्हणाले होते, “शर्मे, आज सही करून टाक. ठोकत बसू नको. माणसं बरी दिसत्यात. पाव बी आपल्यासारखाच हाय, नाव सुद्धा तेच.”

“पावाची खात्री करायला नाही आलो आपण.”

मालक दुआर्त यांनी चाळीस एक्सल ठोकायची परवानगी दिली होती, पाहुण्यांचा एखादा धार्मिक विधी चालवून घ्यावा तशी. सोबत अमारोला दिलं. अमारो तिथला सगळ्यात जुना कारागीर. तयार एक्सल डोळ्यांखालून घालून पास करायचं काम त्याचं. हिरवी पेटी पास मालाची, लाल पेटी भंगाराची. त्याला इंग्रजी येत नव्हतं, काकांनाही जेमतेमच, आणि तरीही सकाळपासून दोघं एकमेकांशी मोठमोठ्यानं बोलत होते.

चोवीस झाले आणि दुआर्त तरातरा आत आले. मागं इनेश, त्यांचं परदेशी गिऱ्हाइकांचं काम बघणारी तिशीची बाई. कुणीतरी जाऊन सांगितलं असावं.

“मिस मिठारी,” इनेश इंग्रजीत म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “आमचा माल घ्यायचा नसेल तर तसं सांगा. असा अपमान करायची गरज नाही.”

“कसला अपमान?”

“चोवीस बघितलेत आणि चोवीसच्या चोवीस नापास केलेत.”

“एकच नापास केलाय.”

तिनं पेट्यांकडे बोट दाखवलं. लाल पेटी काठोकाठ भरली होती. हिरवीत हात पुसायचा एक कापसाचा बोळा पडला होता.

“अमारो म्हणतो, हे गृहस्थ दर वेळी ओरडतात, ‘काही नाही’. काही नाही, काही नाही, काही नाही. आणि मध्येच एकदा म्हणाले, ‘वाईट’. तो चव्वेचाळीस वर्षं इथं काम करतोय.”

मी काकांना सांगितलं. काका उसळले. “मी कवा म्हटलं काही न्हाई? मी नाद म्हणतोय! नाद!”

“तेच!” अमारो त्याच्या भाषेत ओरडला, आणि सगळ्या कारखान्याला साक्षीला बोलावल्यासारखे हात पसरले. “नादा! नादा! नादा!”

इनेश त्याच्याकडे बघत राहिली. मग काकांकडे. मग सावकाश मला म्हणाली, “नादा म्हणजे आमच्यात ‘काही नाही’. शून्य.”

“आणि बद्द?”

“ते इंग्रजी आहे ना? बॅड?”

मी ते मराठीत सांगितलं. काका पेटीच्या कडेवर बसलेच. “आई आंबाबाई!” ते म्हणाले. “तेवीस वेळा कौतुक केलं रे तुझं, गाढवा. तेवीस वेळा!” आणि पोट धरून हसायला लागले. अमारोला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. इनेशनं समजावल्यावर तो आधी रागानं बघत राहिला आणि मग यंत्रांच्या आवाजावर जाईल असा खोकल्यासारखा हसला. मलाही हसू फुटू बघत होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी ते गिळलं, कारण हसू आलं की मागून दुसरंही येईल अशी भीती होती.

“मग नाद म्हणजे नक्की काय?” इनेशनं विचारलं.

शिकवायची सवय. मी म्हणाले, “सात आकडे टिकतो तो आवाज. आणि एखाद्या गोष्टीचं वेड लागतं, तेही नाद.”

“एका शब्दात दोन?”

“तिसराही आहे. तो फक्त आमच्या गावचा. आता नको.”

अमारोनं माझ्या हातातून हातोडी मागून घेतली. फुली मारलेला एक्सल पेटीतून शोधून काढून बाजूला ठेवला आणि राहिलेल्यांतला एक दोऱ्याला बांधला. त्याची गाठ माझ्यापेक्षा चांगली होती. ठोकला, डोळे मिटले, ओठ हलवत मोजलं.

“सेत,” तो म्हणाला.

“सात,” मी म्हणाले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढचे सगळे त्यानंच ठोकले. धड निघाला की हिरव्या पेटीत ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. चाळीस संपल्यावर त्यानं तो फुलीवाला एक्सल टांगला. एक, दोन. संपलं. पुन्हा ठोकला. पुन्हा दोन. मग कुणी न सांगता तो चिरेत मुरणारं तांबडं पातळ औषध घेऊन आला, ते त्या एक्सलला फासलं, आणि आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो. चहाची सुट्टी झाली, कुणी हललं नाही. त्यानं औषध पुसून वर पांढरी भुकटी उडवली. पांढऱ्यावर हळूहळू एक तांबडी रेघ उमटली. बोटाच्या पेराएवढी, केसापेक्षा बारीक.

दुआर्त बोलले, आणि ते आवाज न चढवता बोलले हे मी कबूल केलं पाहिजे.

“चाळीसात एक. नियमानं याहून जास्त खराब निघाले तरी चालतात. तुम्ही मोठी कागदपत्रं वाचलेली बाई दिसता, तुम्हाला माहीत असेल.”

“माहीत आहे.”

“मग ठरलं. हा काढून टाकू. तुमच्या ऑर्डरचे दोनशे आमच्या नेहमीच्या तपासणीनं येतील.”

“प्रत्येक टांगून, ठोकून, मोजून. आणि आकडा लिहून.”

“युरोपात कुठलंही गिऱ्हाईक असलं काही मागत नाही.”

“मग मी पहिली.”

“मॅडम, चाळीसात फक्त एक—”

मी रुमाल सोडला. आतली वस्तू त्या तांबड्या रेघेशेजारी ठेवली. अर्धा एक्सल. तुटलेल्या तोंडाचा पाव भाग गंजून काळा पडलेला, म्हणजे जुनी चीर. बाकीचा भाग चकचकीत, म्हणजे एका दमात मोडलेला. हे मला वाचता येत नव्हतं, ते शिकायला मी चार महिने घेतले होते. अमारोला एका नजरेत आलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“हाही एकच होता,” मी म्हणाले. “दलालाकडून आलेला. कुणी बनवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्यासोबतही प्रमाणपत्र होतं. आमच्याकडे पन्हाळ्याच्या वाटेवर एक चढ आहे. हौद्यात वाळूची पोती होती, चाचणीसाठी. गाडी माझे वडील चालवत होते.”

इनेशनं ते पोर्तुगीजमध्ये सांगितलं. पोर्तुगीजमध्ये ते फारच थोडक्यात झालं.

“मला वाईट वाटतं,” दुआर्त म्हणाले. “मनापासून. पण एका गिऱ्हाइकासाठी मी कामाची पद्धत बदलू शकत नाही.”

मी पेनाला टोपण लावलं. “मग माझी सही नाही.”

बाहेर फाटकाजवळ संत्र्याचं झाड होतं आणि त्याखाली दगडी बाक. फेब्रुवारीचं ऊन पडलं होतं. काका माझ्याशेजारी येऊन बसले. अर्ध्या एक्सलचा रुमाल त्यांनी आपल्या मांडीवर घेतला होता.

“हे बरोबर घेऊन फिरतीस व्हय तू,” शेवटी म्हणाले. मग, “तिसरं बी गेलं, पोरी. एक सोडून एकोणचाळीस चांगले होते की. सुधारलं असतं त्यांनी हळूहळू. गजानं सुद्धा एवढा हट्ट धरला नसता.”

“आबांचा हट्ट नाहीये हा.”

“मग कुणाचा?”

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“ऑक्टोबरात मी शेडमध्ये पेपर तपासायला बसले होते, काका. घरी पाहुणे होते म्हणून. आबा मोटरी उघडून एक्सल काढत होते, ठोकत होते. बारा होते. टिण, टिण, टिण. मला चाळीस पेपर दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. मी म्हणाले, आबा, ती टिणटिण जरा बंद करा ना.”

काका माझ्याकडे बघत होते.

“अकरा झाले होते. बारावा त्यांच्या हातात होता, दोरासुद्धा बांधून झाला होता. ते हसले. ‘बरं, मास्तरीणबाईंचा हुकूम,’ म्हणाले, आणि हातोडी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीच्या गाडीला तोच बसवला. हाताशी होता म्हणून.”

एक ट्रक आत गेला. फाटक बंद झालं.

“आणि मी,” काका म्हणाले, “चार महिनं गावभर सांगत सुटलोय, गजाची नजर गेली हुती, त्याला दिसलं न्हाई. दुकानात, तालमीत, सगळीकडं.” त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा घट्ट बांधली. “तू ऐकत हुतीस. एकदा बी बोलली न्हाईस.”

“काय बोलणार होते?”

ते उठले. स्वेटर खाली ओढला, टोपी नीट केली. मला वाटलं निघायचं म्हणतायत.

“ऊठ.”

“कुठं?”

“आत. नादाचं दोनच अर्थ सांगितलंस त्यांना. तिसरा ऱ्हायलाय.”

“काका, ते पद्धत बदलणार नाहीत, सही होणार नाही.”

“मग न होऊ दे. पर तिसरा अर्थ कळल्याबिगर कोल्हापूरचा माणूस फाटकाभायेर जात नसतो.”

काका पुढं, मी मागं. दुआर्त यांच्या खोलीकडे वळायच्या आधीच कानावर आवाज आला. टिण. आणि पाठोपाठ चार-पाच बायकांचे मोजणारे आवाज.

अमारोनं त्याच्या टेबलावरच्या दिव्याच्या दांडीला माझाच दोरा बांधला होता. त्या दिवशीचा तयार माल त्याच्यापुढं होता. आमचा नव्हे, दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाचा. ठोकायचा, ऐकायचा, ठेवायचा. शेजारच्या यंत्रावरच्या त्या दोघी, आणि आणखी काही जणी, हात चालू ठेवूनच मोजत होत्या. दुआर्त त्याच्यासमोर उभे होते आणि दोघांचं काहीतरी चाललं होतं. भांडण म्हणावं असं नव्हे. अमारो न थांबता, वर न बघता बोलत होता.

“काय म्हणतोय?” मी इनेशला विचारलं.

“म्हणतोय, एकाला अकरा सेकंद लागतात, लाइन थांबत नाही, उगाच लाइनचं नाव सांगू नका.” ती जरा थांबली. “आणि म्हणतोय, तो चिरलेला एक्सल काल संध्याकाळी त्यानंच पास केला होता.”

काकांनी तिसरा अर्थ समजावला नाही, वापरून दाखवला. ते टेबलापाशी गेले, अमारोच्या खांद्यावर थाप मारली आणि दुआर्तकडे बोट रोखून म्हणाले, “ह्याचा नाद करायचा न्हाई!” अमारोनं मान डोलावली, जणू जन्मभर तो हेच ऐकायची वाट बघत होता. इनेशनं माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी म्हणाले, “याचं भाषांतर होत नाही. पण तुम्हाला कळलंय.”

दुआर्त अमारोकडे बघत राहिले, मग त्या तांबड्या रेघेच्या एक्सलकडे. “दोनशे,” ते म्हणाले. “दोनशे करून बघू.”

“प्रत्येकाचा आकडा लिहून,” मी म्हणाले.

“प्रत्येकाचा.”

मी पेनाचं टोपण काढलं.

पाडव्याला अठराही गाड्या विटांवरून खाली उतरल्या. टाइल्सवाल्याला काकांनी स्वतः जाऊन सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तालमीत आणि दुकानात जाऊन त्यांनी आणखीही काही सांगितलं, ते मात्र आपसूक माझ्यापर्यंत आलं. ‘गजाची नजर शाबूत हुती,’ एवढंच. माझं नाव त्यात नव्हतं.

तिथून माल अजून येतो. प्रत्येक एक्सलला दोऱ्याचा तुकडा बांधलेला आणि एक चिठ्ठी असते. आठ. नऊ. आठ. सात. पहिल्या खेपेला त्या रकान्याला काय नाव द्यायचं हे इनेशला सुचेना, म्हणून तिनं आमचाच शब्द लिहिला, आणि तिच्या कॉम्प्युटरनं तो सुधारून ‘नादा’ केला. गेली नऊ वर्षं आमची कागदपत्रं पोर्तुगीजमध्ये सांगतायत, काही नाही : आठ, काही नाही : नऊ. आम्ही ते दुरुस्त करून घेतलेलं नाही. अमारो निवृत्त झाला. त्याच्या जागी त्या शेजारच्या यंत्रावरच्या दोघींपैकी एक आली.

चिठ्ठीवर आकडा असला तरी इथं शेडमध्ये आम्ही पुन्हा ठोकतो. नोकरी सोडल्यापासून बहुतेक मीच.

गेल्या आठवड्यात बँकेचे एक साहेब आले होते. नवे होते, नम्र होते. चहा घेता घेता त्यांचा फोन वाजला. त्यांनी एक कान बोटानं बंद केला, थोडा वेळ सोसलं, आणि मग हसून म्हणाले, “मॅडम, ती टिणटिण जरा बंद करता का?”

माझ्यापुढं दोऱ्याला बारावा एक्सल टांगलेला होता.

“नाही,” मी म्हणाले. “तुम्ही फोन बाहेर जाऊन घ्या.”

आणि ठोकला.